तलावावरचे पक्षी आणि सारस: पी९५० घ्यावा की वापरलेला डीएसएलआर?

बोडीकाठ (गोंदिया जिल्हा)

मंडळी, कॅमेरा घ्यायचा आहे आणि दोन पर्यायांत अडकलो आहे.

काम काय ते आधी सांगतो. मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावबोड्या (गावची छोटी तळी) अन् धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं), एवढाच परिसर. सारस, चक्रवाक, हिवाळ्यात येणारी बदकं, वारकरी (काळा पाणपक्षी), बगळे. सारस बहुतेक वेळा दीडशे ते तीनशे मीटरवर असतो आणि त्याहून जवळ जायचं नाही. बदकं तलावाच्या मध्यात. फोटो छापायचे नाहीत. ओळख पटावी, जोडीबरोबर पिल्लू आहे का ते दिसावं, ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) टाकता यावा, सारसगणनेच्या वेळी पुरावा राहावा, एवढं पुरे. शिवाय दिवाळी झाली की आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, त्यांचे रात्रीचे फोटो मंडळवाले मागतात. हे दुय्यम काम, पण टाळता येत नाही.

पहिला पर्याय निकॉन कूलपिक्स पी९५०, ८३ पट झूम, २४ ते २००० मिमी. दुसरा वापरलेला निकॉन डी५६००, सोबत १८-५५ आणि ७०-३०० लेन्स. दोन्ही साधारण एकाच बजेटमध्ये बसतात.

काही जण म्हणतात पी९५०चा सेन्सर बारीक, फोटो पाणचट येतात. बाकीचे म्हणतात ३०० मिमीने सारस मुंगीएवढा दिसेल. दोन्ही खरं असेल तर माझ्या कामाला कोणता तोटा जास्त नडेल? धूळ, उन्हाळा, पावसाळ्यातली बुरशी, लाइटीचा लपंडाव हेही धरून सांगा. दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं.

---

एफ_आठ

तुम्ही अंतर दिलं आहे, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही, सरळ मोजता येतं.

पी९५०वरचे २००० मिमी हा समतुल्य आकडा, म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात बदललेला. खरी फोकल लेंग्थ ३५७ मिमी, सेन्सर ६.१७ × ४.५५ मिमी, १६ मेगापिक्सेल. डी५६००चा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, २४ मेगापिक्सेल, लेन्स खरीच ३०० मिमी. उभा सारस १.६ मीटर धरा, अंतर २०० मीटर. पी९५०च्या चौकटीत तिथे २.५५ मीटर उंची मावते, म्हणजे सारसाला सुमारे २१०० पिक्सेल मिळतात. डी५६००च्या चौकटीत १०.४ मीटर मावतात, सारसाला मिळतात ६०० पिक्सेल. साडेतीन पटीचा फरक.

तो सगळा पदरात पडत नाही. एफ ६.५ला (एफ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले लेन्सचं छिद्र) विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशाचा एक बिंदू सुमारे ८.७ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, आणि पी९५०चा एक पिक्सेल आहे १.३४ मायक्रॉनचा. एकच ठिपका सहा-साडेसहा पिक्सेलवर पसरतो, म्हणून फोटो १०० टक्क्यांवर उघडला की मऊ दिसतो. तुम्हाला पाणचट म्हणून सांगितलं ते हेच. निम्म्या आकारात पाहिला की कडा जागेवर येतात. डी५६००चा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, त्याला हा त्रास नाममात्र. तरी निम्मे सोडूनही पी९५०कडे सारसाला हजार पिक्सेल उरतात. पिल्लाचं तपकिरी डोकं आणि मोठ्याची लाल मान यांतला फरक कळायला ते भरपूर झाले. ६००वरही कळेल, पण पिल्लू धानात अर्धं बुडालेलं असेल तर नाही.

पी९५०चे खरे उणे मुद्दे माझ्या मते असे. पूर्ण झूमवर दिसणारी चौकट जेमतेम एक अंश रुंद, त्यामुळे पक्षी सापडतच नाही. त्यावर उपाय आहे: लेन्सच्या डाव्या बाजूला स्नॅप-बॅक झूमचं बटण. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी मधोमध घ्यायचा, बटण सोडलं की पुन्हा पुढे. हे बटण वापरायची सवय होईपर्यंत कॅमेऱ्याबद्दल मत बनवू नका. बॅटरी एका चार्जला कंपनीच्या मोजणीने २९० फोटो, डी५६००ची ९७०. आणि जीपीएस नाही. जुन्या पी९००मध्ये जीपीएस होतं पण रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नव्हतं. पी९५०मध्ये रॉ आलं आणि जीपीएस गेलं. नोंदी ठेवणाऱ्याला हे खटकतं.

तुमच्या अंतरांना मी पी९५० म्हणेन.

---

रानवाट (चंद्रपूर)

भाऊ, हिशेब कागदावर बरा आहे. उडता पक्षी कसा घेणार ते सांगा ना.

पी९५०चा फोकस कॉन्ट्रास्टवर (कडेच्या उजेड-काळोखातल्या फरकावर) चालतो. पक्ष्यावरून जरा सुटला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येते अन् तोवर बदक पाळीपलीकडे गेलेलं असतं. सलग फोटो सेकंदाला ७, पण १० झाले की थांबतो, कार्डवर लिहिणं होईपर्यंत तुम्ही नुसतं पाहून राहायचं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये त्या वेळात चित्र अडखळतं, पक्षी कुठे गेला ते कळत नाही. डी५६००मध्ये ३९ फोकस पॉइंट, त्यातले ९ क्रॉस, सेकंदाला ५ फोटो, आणि आरशातून पाहता म्हणून जे दिसतं ते आत्ताचंच. उडण्यासाठी हेच पाहिजे. थवा उठला तर संख्या मोजायला पाच-सहा चांगले फोटो मिळतात, हेही गणनेचंच काम झालं.

दुसरं, सकाळी सूर्य वर यायच्या आधी अन् सायंकाळी पक्षी सगळ्यात जास्त हलतात. तेव्हा लहान सेन्सर काहून चालेल? आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ओलांडला की पिसांचा लगदा. डी५६०० ३२००पर्यंत आरामात जातो.

आमच्याकडे बफरमध्ये (राखीव जंगलाभोवतीचा पट्टा) वाघ, रानकुत्रे, मोर सगळे रस्त्यापासून वीस-चाळीस मीटरवर दिसतात. ताडोबात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे कॅमेरा हाच काय तो आधार, आणि तिथे जिप्सीत पी९५० घेऊन बसलेला माणूस रांगेतल्या डीएसएलआरवाल्याच्या मागेच पडतो.

---

एफ_आठ

रानवाट, उडत्या पक्ष्याचं शंभर टक्के मान्य. प्रकाशाबद्दल मात्र एक दुरुस्ती, कारण ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे.

लांबच्या एका पक्ष्याकडून कॅमेऱ्यात किती प्रकाश येतो ते लेन्सचं छिद्र ठरवतं, सेन्सर नाही. पी९५०चं पूर्ण झूमवरचं छिद्र ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. ७०-३००चं ३०० भागिले ६.३, म्हणजे ४८ मिमी. शटर सारखं ठेवलं तर २०० मीटरवरच्या सारसाचा प्रकाश पी९५०कडे उलट थोडा जास्तच येतो. डी५६००चा ३२००वरचा अख्खा फोटो स्वच्छ दिसतो खरा, पण सारसापुरता कापून मोठा केला की दाणे तेवढेच निघतात.

चित्र पालटतं ते पक्षी जवळ असला की. वीस मीटरवरच्या मोरासाठी पी९५०चा झूम ४५० मिमी समतुल्यपर्यंत मागे आणावा लागतो. तेव्हा खरी फोकल लेंग्थ ८० मिमी, छिद्र पंधरा-सोळा मिमी. डी५६००चं ४८च राहतं. क्षेत्रफळात नऊ-दहा पट. म्हणून जिप्सीतून डीएसएलआर जिंकतो आणि तलावाच्या पाळीवरून हरतो. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्यांचे सेन्सर तेच, फरक अंतराचा.

पहाटेची अडचण आहे, पण ती दाण्यांपेक्षा फोकसची. कमी उजेडात, धुक्यात कॉन्ट्रास्ट मिळत नाही म्हणून पी९५० चाचपडतो. तिथे फोकसचा भाग लहानात लहान ठेवा आणि पक्ष्याऐवजी त्याच अंतरावरच्या ठळक कडेवर धरा, पाण्यातला खुंट किंवा पायांची रेघ. सूर्योदयाच्या सुमारास एफ ६.५, आयएसओ ८००ला साधारण १/१०० सेकंद मिळतो. उभ्या सारसाला टेकू असेल तर पुरतो.

---

धानपट्टी (साकोली)

दोघांचं वाचलं. पण तुमच्या दोघांच्या हिशेबात हवा कुठेच नाही, अन् आपल्याकडे अर्धा फोटो तीच बिघडवते.

मार्चपासून जूनपर्यंत सकाळी नऊनंतर कोरड्या बांधीवरची हवा थरथरते. जमिनीलगतची तापलेली हवा अन् वरची त्यामानाने थंड हवा यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून पक्ष्याची कड सतत हलत राहते. १००० मिमीवर हे दिसतं, २०००वर तर सारस वितळल्यासारखा येतो. यात सेन्सरचा दोष नाही आणि शटर वाढवून, स्टँड लावून काही फरक पडत नाही. जूनमधल्या गणनेला हेच होतं. लोक मग कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

काय करता येतं: सूर्योदयापासून दीड-दोन तासांत काम उरका. बांधीतून, बसून, जमिनीलगत घेऊ नका. तलावाच्या पाळीवर किंवा कुठल्याही उंचवट्यावर उभे राहा, थर जितका खाली राहील तितकं बरं. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये पाणी असलं तर उत्तम, डांबरी रस्ता किंवा नांगरलेली कोरडी जमीन असली तर वाईट. गाडीतून घेत असाल तर एसी बंद करून सगळ्या काचा पाच-दहा मिनिटं आधी उघडा, नाहीतर थंड-गरम हवा खिडकीतच मिसळते अन् थरथर तुमच्याच गाडीतून सुरू होते. बोनेटवरून तर अजिबात घेऊ नका. फोटो काढण्याआधी पूर्ण झूमवर गवताच्या काडीकडे पाहा. काडी लहरत असेल तर झूम ८००-१०००वर आणा, दहा-पंधरा फोटो काढा, त्यातला एखादा निवळलेला निघतो. पाऊस पडून गेल्यावरचा ढगाळ दिवस मिळाला तर दुपारीही २००० चालतो.

आता धूळ. दोन्ही कॅमेऱ्यांना ती वेगळ्या वाटेने खाते. पी९५०ची नळी झूम करताना लांबलचक बाहेर येते अन् मागे जाताना हवा आत ओढते. मळणीच्या दिवसांत नळीवर कोंड्याची बारीक धूळ बसलेली असते, ती तशीच आत गेली की आधी भिंगामागे काळे ठिपके येतात, मग कधीतरी नळी अडकून लेन्स एररचा संदेश. ही लेन्स घरी उघडता येत नाही, काढून दुसरी लावता येत नाही. ती गेली म्हणजे कॅमेरा गेला. म्हणून बंद करण्याआधी नळी बाहेर असतानाच मऊ ब्रशने झाडायची, मग बंद करायचा. ही एक सवय बाकी सगळ्या काळजीपेक्षा मोठी. पुढे ६७ मिमीचा साधा फिल्टर लावता येतो, पण स्वस्त काच पूर्ण झूमवर फोटो मऊ करते, तेव्हा धुळीतून नेताना लावा, काढताना उतरवा. डी५६००ला धूळ लेन्स बदलताना लागते, थेट सेन्सरवर. बांधीत लेन्स बदलू नका, बदलायचीच झाली तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. फुंकर तोंडाने मारू नका, थुंकीचे डाग पडतात. रबरी ब्लोअर ठेवा.

ऊन: बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. आपला मे महिना त्याच्या वरचा. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. गळ्यात असताना वरून पांढरा कोरडा दुपट्टा टाका. ओला नको.

बुरशी: घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, दहा लिटरला पाव किलो सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. ३०च्या खाली गेलं तर रबर अन् आतलं वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतो, तिच्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका. नारिंगी घ्या. तांदळात कॅमेरा ठेवायचा उद्योग कोणी सांगितला तर ऐकू नका, पीठ आत जातं. चामड्याच्या पिशवीत तर पावसाळाभर ठेवूच नका.

टेकू: जाड कापडाची पिशवी शिवून त्यात दीड-दोन किलो तूर किंवा मूग भरा. धान नको, त्याची कुसं कापडातून बाहेर येतात. पिशवी पाळीच्या दगडावर, मोटरसायकलच्या सीटवर, कुठेही बसते. स्टँड वापरला तर पी९५०चं व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करा.

---

बोडीकाठ

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. नाटकाचं काय? आणि लाइट? आमच्याकडे सायंकाळी कधीही जाते.

---

धानपट्टी (साकोली)

लाइटीचं सोपं आहे. पी९५०ची बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबीने चार्ज होते, म्हणजे पॉवर बँक चालते. डी५६००ची बाहेर काढून भिंतीवरच्या चार्जरला लावावी लागते, पण एकदा भरली की दोन-तीन दिवस पुरते. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाची भीती नाही. लाइट परत येताना जो झटका येतो त्याची आहे, तेव्हा गेली की प्लग काढून ठेवा. दोन्हींसाठी दुसरी बॅटरी घ्या, कंपनीचीच.

---

जुनी_लेन्स (यवतमाळ)

नाटकात पारडं सरळ डी५६००कडे झुकतं, पण किटसोबतच्या लेन्सने नाही. १८-५५ ही ५५ला एफ ५.६ होते. झाडीपट्टीच्या रंगमंचावर जेवढा उजेड असतो त्यात आयएसओ ३२००ला १/६० मिळाला तर मिळाला, आणि नट हात फिरवणार, तो हललेला येणार. तिथे ३५ किंवा ५० मिमी एफ १.८ लावा: तोच उजेड, आयएसओ ८००, १/१६०. घेताना नावात 'जी' अक्षर पाहा. ५० मिमीचीच 'डी' अक्षराची लेन्स स्वस्तात मिळते, पण डी५६००मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती त्याच्यावर आपोआप फोकस करत नाही. दुकानदार हे नेहमी सांगतोच असं नाही.

मीटरिंग स्पॉटवर ठेवून चेहऱ्यावर मोजा, नाहीतर मागच्या काळोखामुळे चेहरे पांढरेफटक येतात. एलईडी दिव्यांत आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५०वर आणा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश विसरा, आयएसओ ८००, एफ ५.६ला तो जेमतेम सहा मीटर पोचतो, आणि नटांच्या डोळ्यांत जातो ते वेगळंच.

पी९५०ने नाटक? रुंद बाजूला एफ २.८ आहे, पण तेवढं तर हल्लीचा बरा मोबाइल त्याच्याहून चांगलं करतो. पूर्ण रंगमंच मोबाइलवर घ्या, चेहऱ्यांची आशा सोडा.

वापरलेला डी५६०० पाहायला गेलात तर या क्रमाने तपासा.

आधी ७०-३००. दिसायला सारख्या दोन लेन्स आहेत, एकीवर व्हीआर लिहिलेलं असतं, एकीवर नसतं. नसलेली घेऊ नका, हातातून ३००वर तिचा उपयोग निम्मा होतो. मग लेन्स कॅमेऱ्यातून काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी; पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्समध्ये हमखास. एखाद-दोन धुळीचे कण सोडून द्या, धागा एकही नको.

त्यानंतर सेन्सर. एफ १६ वर, फोकस हाताने बिघडवून, पांढऱ्या आभाळाचा फोटो. काळे डाग दिसले तर साफ होतात, पण किंमत उतरवायला कामी येतात.

फोकस तपासणं लोक विसरतात. ३००वर दहा-पंधरा मीटरवरच्या छापील कागदाचे फोटो आधी व्ह्यूफाइंडरने, मग लाइव्ह व्ह्यूने काढा, प्रत्येकी चार-पाच. व्ह्यूफाइंडरचे सतत मऊ आले तर फोकस पुढे-मागे पडतो आहे, आणि डी५६००मध्ये तो मेनूतून जुळवायची सोय नाही. तसा कॅमेरा सोडा.

शटर किती वेळा उघडलं ते निकॉनच्या मूळ जेपीजीमध्ये नोंदलेलं असतं, एडिट न केलेला फोटो एक्झिफमधला (फोटोसोबत साठवलेली माहिती) शटर काउंट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. पन्नास हजारांच्या आत असेल तर ठीक. लग्नाच्या कामातला असेल तर आकडा मोठा असतो. फिरत्या स्क्रीनची बिजागरी सगळ्या कोनांत फिरवा, मध्येच चित्र गेलं तर आतली पट्टी तुटत आली आहे.

आणखी एक: निकॉन-कॅनन या दोन्ही मोठ्या कंपन्यांचं नवं काम आता मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) आहे. डीएसएलआर आज चांगला चालेल, पण पुढे मोठी लेन्स घेऊ असा बेत असेल तर तीही वापरलेलीच शोधावी लागेल.

---

रानवाट (चंद्रपूर)

बोडीकाठ, पाहा, नाटक अन् उडते थवे दोन्ही इकडे आले. एकाच कामासाठी किलोभराचा कॅमेरा गळ्यात घालायचा की काय?

---

एफ_आठ

पण त्यांनी मुख्य काम कोणतं ते पहिल्याच वाक्यांत सांगितलंय. ३०० मिमीला पुढे वाढवायचं तर १५०-६०० लेन्स लागते, तिचं वजन दोन किलोच्या घरात आणि पैसे बजेटबाहेर. ७०-३००वाला माणूस काही महिन्यांनी पक्ष्याच्या जवळ सरकायला लागतो, हा मला सगळ्यात मोठा तोटा वाटतो. सारस पावसाळ्यात बांधीतच घरटं करतो. तिथे पन्नास मीटर पुढे सरकणं म्हणजे त्याला अंड्यांवरून उठवणं.

---

पाणकाठी (भंडारा)

कॅनन एसएक्स७० कसा? हलका आहे म्हणतात.

---

एफ_आठ

६५ पट, १३६५ मिमी समतुल्य, खरी २४७ मिमी, एफ ६.५. छिद्र ३८ मिमी, म्हणजे लांबच्या पक्ष्याचा प्रकाश पी९५०च्या निम्म्याहून कमी. वजन साधारण सहाशे ग्रॅम, हा मोठा फायदा. सायकलने फिरणाऱ्याला किंवा शाळेतल्या मुलांना द्यायला चांगला. पी१००० उलट टोकाला: खरी ५३९ मिमी, एफ ८, छिद्र ६७ मिमी, पण वजन १४१५ ग्रॅम. आणि आपल्या हवेत त्याचे ३००० मिमी वर्षातले किती दिवस वापरता येतील ते धानपट्टी यांनी वर सांगितलंच आहे.

---

बोडीकाठ

पी९५० ठरवतो आहे. नाटकाला सध्या मोबाइल, पुढे कधी जमलं तर जुना डीएसएलआर फक्त ३५ मिमी लेन्ससोबत पाहीन. दोन गोष्टी सांगा: दुकानात काय तपासू, आणि सुरुवातीला कोणतं सेटिंग ठेवू?

---

एफ_आठ

दुकानात झूम पाचेक वेळा पूर्ण पुढे-मागे करा. आवाज एकसारखा यायला हवा, मध्ये करकर किंवा अडखळणं नको. पूर्ण झूमवर रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं घ्या, दुकानाच्या काचेतून नाही, दाराबाहेर येऊन. मग आभाळाचा एक फोटो २४ला आणि एक २०००ला, एफ ८ ठेवून. नव्या कॅमेऱ्यातही ठिपका निघाला तर तिथेच बदलून मागा, घरी नेल्यावर ती धूळ तुमची ठरते. कार्ड ६४ जीबी, यू३ (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) लिहिलेलं, बिलावर. स्वस्तातली बनावट कार्डं जेवढी क्षमता सांगतात तेवढी नसते आणि भरत आलं की आधीचे फोटो खातात. घरी आल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

सेटिंग: शटर प्रायॉरिटी. उभ्या पक्ष्याला टेकूसह १/२५०, हातातून १/५००, उडत्या सारसाला १/१०००पासून पुढे. कडक उन्हात एफ ६.५, आयएसओ १००ला १/६००च्या आसपास मिळतो, म्हणजे उडत्यासाठी २०० लागतो. आयएसओची वरची मर्यादा ८००ला बांधा. फोकस स्पॉट, एकाच ठिकाणी. पांढऱ्या बगळ्यावर ऊन असेल तर एक्स्पोजर उणे ०.७, चमकत्या पाण्यावरच्या काळ्या वारकऱ्याला अधिक ०.७. जेपीजी ठेवा. रॉ फक्त अशा फोटोला जिथे सावलीत ओळख अडते आहे. रॉने कार्ड आणि थांबण्याचा वेळ दोन्ही वाढतात. डिजिटल झूम मेनूतून बंदच करून टाका, नाहीतर झूमच्या भरात २०००च्या पुढे जाऊन नुसते फुगवलेले पिक्सेल मिळतात.

जीपीएस नाही त्यावर तोडगा असा: ठिकाणी पोचल्यावर मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश उघडा आणि पहिला फोटो त्या स्क्रीनचा काढा, झूम न करता. पुढचे सगळे फोटो त्या जागेचे. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिनिटापर्यंत जुळवून ठेवा, बॅटरी बराच काळ काढून ठेवली तर ते पुसलं जातं, तेव्हा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढताना आधी तारीख पाहा.

---

धानपट्टी (साकोली)

अन् पट्टा बदला. सोबत येणारा पट्टा मानेला कापतो. तिरका, खांद्यावरून कमरेला येणारा घ्या, वाकून बांध ओलांडताना कॅमेरा चिखलात लोंबत नाही.